पुसलेल्या नोंदीला वाली कोण?

सर्व्हर मुंबईत ठेवायचा की अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, हा वाद आता पुष्कळ कंपन्यांच्या बैठकांत ‘दोन्हीकडे ठेवू’ असे म्हणून मिटवला जातो. डेटाबेसची एक प्रत इथे, एक तिथे, आणि लिहिण्याची मुभा दोन्ही प्रतींत. इथल्याने इथे लिहावे, तिथल्याने तिथे. झालेले बदल दोन्ही प्रती मागाहून एकमेकींना कळवतील. याला मल्टी-मास्टर रेप्लिकेशन म्हणतात, कोणी अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. स्लाइडवर ते देखणे दिसते. कोणाला थांबावे लागत नाही, एक केंद्र बंद पडले तरी दुसरे सुरू राहते. बैठक संपते, खर्च मंजूर होतो, कामाला सुरुवात होते. एक गोष्ट मात्र तिथे क्वचितच कोणी विचारतो. एकाच नोंदीत दोन्हीकडे एकाच सुमारास बदल झाला, तर कोणाचा ठेवायचा आणि कोणाचा टाकायचा? आणि ज्याचा टाकला, त्याला ते कळवायचे की नाही?

हा निर्णय माणसांविषयीचा आहे. तो डेटाबेसच्या ठरीव सेटिंगवर सोडून आपण हात झटकतो, आणि हे आपल्या धंद्याला शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, नाशिकच्या एका रुग्णालयात पासष्टीच्या एक बाई दाखल झाल्या. नर्स विचारते, “आजी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?” आजी आठवून सांगतात, “मागं एकदा इंजेक्शन दिलं होतं, सगळ्या अंगावर गांधी उठल्या, दम लागला. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिन परत घ्यायचं नाही.” नर्स आजींच्या पानावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ अशी नोंद करते आणि सेव्ह करते. ही नोंद मुंबईच्या प्रतीत जाते. त्याच घटकेला न्यू जर्सीत राहणारा त्यांचा मुलगा रुग्णालयाचे अ‍ॅप उघडून संपर्कासाठी आपला नवा फोन नंबर भरतो. तो बदल व्हर्जिनियाच्या प्रतीत. दोघांच्याही पडद्यावर ‘सेव्ह झाले’ असे उमटते. मग दोन्ही प्रती एकमेकींशी बोलतात, एकाच नोंदीची दोन रूपे समोर येतात, आणि नियम सांगतो की ज्यावर नंतरची वेळ आहे ते रूप ठेवा. मुलाचा बदल पाव सेकंदाने नंतरचा. त्याने पान उघडले तेव्हा अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा रकानाही त्याच्या नोंदीसोबत विजयी होतो. फोन नंबर राहतो. अ‍ॅलर्जी जाते.

इथे कोणाची चूक झाली? नर्सने आपले काम चोख केले. मुलाने केले ते आईच्या काळजीपोटी. यंत्र बंद पडले नाही, लॉगमध्ये लाल अक्षर नाही. दोन्ही प्रती ताडून पाहिल्या तर तंतोतंत सारख्या निघतात, आणि देखरेखीच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसते. दोन प्रती जुळल्या म्हणजे माहिती खरी झाली, असे आपण धरून चाललो, आणि घात तिथेच झाला.

प्रसंग मी रचलेला आहे. यंत्रणा खरी आहे. ‘शेवटचा लिहील त्याचे खरे’ हा नियम आज सर्रास वापरात आहे. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबीतल्या ग्लोबल टेबल्सची नेहमीची रीत हीच, आणि त्यांच्या कागदपत्रांत ती लपवलेलीही नाही. कॅसँड्रा हा डेटाबेस हाच नियम अख्ख्या ओळीऐवजी रकान्यागणिक लावतो. तिथे अ‍ॅपने फक्त बदललेला रकाना पाठवला असता, तर आजींची अ‍ॅलर्जी वाचली असती. पण पत्त्यात एकाने फक्त गाव आणि दुसऱ्याने फक्त पिनकोड बदलला असता, तर गाव एकाचे आणि पिनकोड दुसऱ्याचा असा, कोणीच न लिहिलेला पत्ता तयार झाला असता.

शिवाय ‘शेवटचा’ कोण, हे ठरवायचे कशावरून? सर्व्हरच्या घड्याळावरून. घड्याळे जुळवलेली असतात, तरी थोडा फरक उरतोच, आणि कधी एखादे यंत्र मिनिटभर पुढे धावते. मग ते मिनिटभर त्या यंत्राशी बोलणाऱ्यांचेच खरे आणि बाकीच्यांचे खोटे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिले होते की दूरदूरच्या यंत्रांवर घडणाऱ्या, एकमेकींची वार्ता नसलेल्या दोन घटनांत आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे दर वेळी सांगताच येत नाही. नर्सला मुलाची खबर नव्हती, मुलाला नर्सची. अशा वेळी पाव सेकंदाच्या फरकावर निवाडा करणे म्हणजे नाणे उडवणे, आणि वर त्याला नियम म्हणणे. गूगलने स्पॅनर हा डेटाबेस उभारताना डेटा सेंटरांमध्ये जीपीएस रिसीव्हर आणि अणुघड्याळे बसवली. २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी त्याची रीत सांगितली आहे. घड्याळ किती चुकत असेल याचा अंदाज ते यंत्र स्वतःच धरते, आणि तेवढा काळ थांबून मगच लिहिणाऱ्याला ‘झाले’ म्हणते. अणुघड्याळे बाळगणारा आपल्या घड्याळावर इतका कमी विश्वास ठेवतो, आणि आपण मात्र भाड्याच्या सर्व्हरच्या घड्याळावर रुग्णाचा इतिहास सोपवतो.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण मल्टी-मास्टर निवडणारे लोक बेजबाबदार नसतात. त्यांच्यापुढची अडचण खरी आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेत १२ ते १३ हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन निदान १२० ते १३० मिलिसेकंद. समुद्रातल्या केबली सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा २०० च्या आसपास पोचतो. एका बटणामागे अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की सेकंद उलटतो आणि माणूस कंटाळतो. हा वेळ पैसे टाकून कमी होत नाही. त्यात केबली तुटतात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट काही दिवस मंदावले होते. २०२४ साली तांबड्या समुद्रातही केबली तुटल्या. संपर्क तुटलेला असताना इथल्यांनी लिहायचेच नाही काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. एरिक ब्रुअर यांनी २००० साली जे मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली जे सिद्ध केले, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की दुवा तुटलेला असताना दोन्हीकडे लिहिणे चालू ठेवायचे असेल, तर दोन्हीकडचे सत्य एकच राहील अशी हमी देता येत नाही. यातून पळवाट नाही. काय सोडायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

आणि जे सोडायचे ते ज्याचे आहे, त्याला विचारून सोडावे. एवढी साधी गोष्ट आपण पाळत नाही.

जिम ग्रे, पॅट हेलंड, पॅट्रिक ओ’नील आणि डेनिस शाशा यांनी १९९६ साली एक निबंध लिहिला. कुठेही, केव्हाही, कसेही लिहू देणाऱ्या प्रतींचे धोके हाच त्याचा विषय. त्यांच्या गणितात केंद्रे आणि वाहतूक दसपट झाली की तंटे हजारपट होतात. प्रात्यक्षिकात दोन केंद्रांवर जे गोजिरवाणे दिसते, ते दहा केंद्रांवर आवरेनासे होते, हा त्यांचा इशारा होता. प्रात्यक्षिक पाहून निर्णय घेणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. ‘आमच्याकडे तंटे होतच नाहीत’ असे सांगणारे इंजिनिअर मला नेहमी भेटतात. विचारावे, कशावरून? तर एका मास्टरवर विषम क्रमांक दिले आहेत, दुसऱ्यावर सम. मायएसक्यूएलमध्ये ही सोय आहे आणि चांगली आहे. तिने दोन नोंदींना एकच क्रमांक मिळत नाही. पण डॉक्टरांची सकाळी १० ची एकच वेळ दोन रुग्णांना दिली गेली, एकाची नोंद विषम, दुसऱ्याची सम, तर क्रमांक वेगळे म्हणून यंत्राला त्यात वावगे काहीच दिसत नाही. तंटा झाला, आणि तो दवाखान्याच्या दारात दोन माणसांमध्ये झाला. इंजिनिअरच्या कानावरही तो आला नाही.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबचे जे झाले ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून वाचावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने लिहिण्याचा अधिकार पश्चिम किनाऱ्यावर नेला. पूर्वेकडे काही नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या; पश्चिमेकडे नव्या होऊ लागल्या, त्या पूर्वेला नव्हत्या. दोन मालक मुद्दाम केले नव्हते, अपघाताने झाले. ४३ सेकंदांची ती फट बुजेपर्यंत २४ तास ११ मिनिटे सेवा अडखळत चालली. त्यांना लवकर मोकळे होता आले असते: एका बाजूच्या नोंदी सोडून द्यायच्या आणि पुढे जायचे. त्यांनी तसे केले नाही. ग्राहकांच्या नोंदी आधी, सेवेचा वेग नंतर, असे ठरवले, आणि पुढे जे घडले ते सगळे जगासमोर मांडले. त्यांच्या सर्वाधिक वर्दळीच्या एका क्लस्टरवर त्या फटीत ९५४ नोंदी झाल्या होत्या, हेही त्यात आहे. मला त्यांच्या तंत्रज्ञानापेक्षा त्या मोजणीचे मोल जास्त वाटते. आपल्यापैकी किती जण आपल्या यंत्रणेत गेल्या महिन्यात किती नोंदी गळाल्या हे आकड्यात सांगू शकतील?

विचारपूर्वक केलेली निवड कशी दिसते, तेही पाहावे. अ‍ॅमेझॉनने २००७ साली डायनॅमो या आपल्या आतल्या यंत्रणेविषयी निबंध प्रसिद्ध केला. (नंतरची डायनॅमोडीबी वेगळी.) खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकताना ग्राहकाला कधीही नकार द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. दोन प्रतींत दोन टोपल्या झाल्या तर त्या एकत्र करायच्या. याची किंमत अशी की काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत परत दिसते, आणि हे त्यांनी निबंधातच लिहून ठेवले. चूक होणार असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हे धंदा जाणणाऱ्यांनी आधी ठरवले होते. परत आलेली वस्तू ग्राहक पुन्हा काढू शकतो. हीच रीत बँकेच्या खात्याला लावली तर अनर्थ होईल. खात्यात १००० रुपये असताना मुंबईत ८०० आणि लंडनमध्ये ८०० काढले, तर प्रती बिनचूक एकत्र होऊन शिल्लक उणे ६०० दाखवतील. आपोआप एकत्र होणाऱ्या डेटा-रचनांवर मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या सुमारास जे काम केले ते मोलाचे आहे. आवडीच्या खुणा, मोजण्या, एकत्र लिहायचे मजकूर यांना त्या शोभतात. पण ‘शिल्लक शून्याखाली जाऊ नये’ ही अट अशा साध्या मोजणीला कळत नाही. ती अट कोणीतरी राखावी लागते, आणि राखणारा कुठेतरी एका जागी असावा लागतो.

याचा धडा आपल्या घरचाच आहे आणि रोज लाखो लोक तो वापरतात. रेल्वे आरक्षणाची मोठी केंद्रे पाच: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. १९९९ पर्यंत ती एकमेकांना जोडली गेली आणि कुठूनही कुठलेही तिकीट मिळू लागले. तेव्हा पाचही ठिकाणी सगळ्या गाड्यांचे तक्ते ठेवून ‘मागाहून जुळवू’ असे कोणी म्हटले नाही. प्रत्येक गाडीचे घर एका केंद्रात ठेवले. दुसऱ्या शहराच्या खिडकीवर त्या गाडीचे तिकीट मागितले की विनंती त्या घराकडे जाते आणि बर्थचा निर्णय तिथेच होतो. खिडक्या सगळीकडे, निर्णय एकाच जागी. प्रवाशाला क्षणभर जास्त थांबावे लागते, पण एकच कन्फर्म बर्थ दोघांना दिला जात नाही.

त्याच्याही आधी, जोडणी नव्हती तेव्हा, परतीच्या आरक्षणासाठी तार केली जायची, आणि वाटेतल्या स्थानकांना ठरावीक जागांचा कोटा असायचा. कोटा म्हणजे काय? दूरच्या स्टेशन मास्तरला कोणालाही न विचारता द्यायचा हक्क, पण आधी वाटून दिलेल्या मर्यादेत. फोन लागो न लागो, कोट्यातली जागा त्याचीच. पॅट्रिक ओ’नील यांनी १९८६ साली डेटाबेससाठी जी ‘एस्क्रो’ पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे: शिलकीतला वाटा आधी राखून ठेवायचा, म्हणजे मागाहून भांडण उरत नाही. गोदामात १०० वस्तू असतील तर ६० मुंबईच्या, ४० व्हर्जिनियाच्या. ४० संपल्या की व्हर्जिनियाने मुंबईकडे मागाव्यात. दूरदेशी दोन मालक ठेवायचेच असतील तर आधी हक्क वाटा आणि मग लिहू द्या. नाशिकच्या आजींची वैद्यकीय नोंद नाशिकजवळच्या केंद्रात राहावी, मुलाचा बदल समुद्र ओलांडून तिथे यावा. त्याला पाव सेकंद थांबावे लागेल. हे थांबणे त्याला मान्य आहे का, असे विचारले तर तो काय म्हणेल, हे सांगायला नको.

जिथे घर ठरवता येत नाही तिथे बहुमताची रीत आहे. तीन केंद्रे ठेवायची आणि दोघांची संमती आल्याशिवाय ‘झाले’ म्हणायचे नाही. पॅक्सॉस आणि राफ्ट या पद्धतींवर चालणारे डेटाबेस हेच करतात. तिन्ही केंद्रे देशातच असतील तर थांबणे फार नसते. मुंबई ते हैदराबाद प्रकाशाची जाऊन-येऊन फेरी ६-७ मिलिसेकंदांची, प्रत्यक्षात थोडी जास्त. देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल २०१८ पासून आहे, तेव्हा त्या क्षेत्रात तरी महासागरापलीकडच्या दुसऱ्या मालकाचा मोह आपोआप आवरला जातो.

आणि इतके करूनही कुठे तंटा उरणार असेल, तर हरलेल्या नोंदीला जागा द्या. आपल्या गावच्या जमिनीच्या दफ्तरात ती जागा पूर्वीपासून आहे. सातबारावर नाव बदलायचे तर आधी फेरफार नोंद होते, ती चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि अधिकाऱ्याने ऐकून निर्णय दिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये हे लिहिलेले आहे. या व्यवस्थेतली दिरंगाई आणि चिरीमिरी सगळ्यांना ठाऊक आहे, मी तिची भलामण करत नाही. पण ज्याचे म्हणणे बाजूला पडते त्याला कळवलेच पाहिजे, हे तत्त्व त्या जुन्या दफ्तराने मानले. आपल्या चकचकीत यंत्रणेने ते सोडून दिले. काउचडीबीसारखा डेटाबेस दोन रूपांतले एक पुढे ठेवतो, पण दुसरे जपून ठेवतो आणि मागितल्यास दाखवतो. म्हणजे सोय उपलब्ध आहे. कमी पडते ती ते दुसरे रूप कोणाच्या तरी टेबलावर नेऊन ठेवण्याची आपली तयारी.

ही तयारी का होत नाही? कारण निर्णय घेणारा एक आणि भोगणारा दुसरा. सेवा बंद पडली तर मॅनेजरला रात्री फोन येतो. नोंद गळाली तर कोणालाच फोन येत नाही. म्हणून ‘सेवा किती टक्के चालू होती’ याचे फलक लागतात, आणि गळालेल्या नोंदी मोजायला माणूस नेमला जात नाही. ज्या तरुणांनी पुण्यात, हिंजवडीत, हैदराबादेत ही यंत्रणा उभारायची आहे, त्यांना आपण महाविद्यालयात डेटाबेसच्या व्याख्या पाठ करायला लावतो, पण ‘पडद्यावर सेव्ह झाले असे लिहिणे हे वचन आहे’ हे शिकवत नाही. ते वचन पाळता येणार नसेल तर ‘तात्पुरते नोंदवले, खात्री होताच कळवू’ असे लिहावे. लोक थांबायला तयार असतात. त्यांच्याशी खरे बोलले पाहिजे.

मल्टी-मास्टर निवडण्याआधीच्या बैठकीत म्हणूनच नर्स हवी, गोदामाचा कारकून हवा, खिडकीवर बसणारा हवा. त्यांच्यासमोर एकेक तक्ता उघडावा आणि विचारावे: दोघांनी एकदम लिहिले तर कोणाचे ठेवू? त्यांना उत्तर माहीत असते. नर्स सांगेल की अ‍ॅलर्जीची नोंद कधीही आपोआप पुसायची नाही, दोन्ही ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. फोन नंबरचे मात्र शेवटचा लिहील त्याचे खरे, तिथे काही बिघडत नाही. एका दुपारात एवढे लिहून काढता येते. मग ते करारात घालावे आणि विक्रेत्याकडून त्यावर सही घ्यावी. यंत्रणा सुरू करण्याआधी चाचणीच्या दिवशी दोन केंद्रांमधला दुवा मुद्दाम तोडावा, दोन्हीकडे त्याच नोंदींत लिहावे, दुवा पुन्हा जोडावा, आणि काय राहिले व काय गेले याची यादी छापून त्या नर्सच्या आणि कारकुनाच्या हातात द्यावी. त्यांनी ती ओळीओळीने तपासून मान्य म्हटल्याशिवाय यंत्रणा चालू करू नये.